पर्यायी वैद्यक : नोंदवहीच्या आत आणि बाहेर

'पर्यायी वैद्यक' हा शब्दप्रयोग मराठीत आता चांगला रुळला आहे. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, बाराक्षार, निसर्गोपचार, योग, ॲक्युपंक्चर, रेकी आणि झाडपाल्याची औषधे या सगळ्यांना आपण या एकाच छत्राखाली उभे करतो. थोडा विचार केला तर हे छत्र चमत्कारिक वाटते. सुमारे दोन हजार वर्षांची ग्रंथपरंपरा असलेले शास्त्र, अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हानेमानने मांडलेली उपचारपद्धती आणि विसाव्या शतकात जपानमध्ये निघालेला हस्तस्पर्शाचा उपचार यांच्यात सिद्धांताचे साम्य शोधून सापडत नाही. आयुर्वेदाचे त्रिदोष होमिओपॅथीला मान्य नाहीत आणि होमिओपॅथीची अतिसूक्ष्म मात्रा आयुर्वेदात बसत नाही. साम्य एवढेच की यांपैकी काहीही आधुनिक वैद्यक नव्हे. म्हणजे हे नाव या पद्धतींच्या अंगच्या गुणावरून पडलेले नाही. त्या कशाच्या बाहेर आहेत, यावरून पडलेले आहे.

या नावाच्या जोडीला 'पूरक' असाही एक शब्द येतो आणि दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. कर्करोगावरची औषधयोजना चालू ठेवून एखादा रुग्ण मन शांत राहावे म्हणून प्राणायाम करतो, तेव्हा तो उपचार पूरक ठरतो. औषधयोजना सोडून तो नुसत्या प्राणायामावर विसंबला, तर तोच उपचार पर्यायी होतो. प्राणायाम तोच, माणूस तोच. बदलतो तो त्याच्या शेजारी काय आहे आणि काय नाही हा तपशील. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे. आधी प्रश्न असा की 'आत' आणि 'बाहेर' यांमधली रेघ कोणी आणि केव्हा ओढली? ती पाहण्यासाठी खानदेश, आणि त्यातही भुसावळ, ही जागा फार सोयीची आहे.

रेल्वे येण्यापूर्वीच्या खानदेशात उपचार करणारे अनेक होते आणि त्यांची कामे वाटलेली होती. गावात किंवा पेठेत वैद्य असे. तापीकाठचे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे. तेथून युनानी हकिमीचा वारसा या भागाला मिळाला, आणि आजही बऱ्हाणपुरात युनानी महाविद्यालय आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांत भगत आणि बडवा होते. बाळंतपणाला सुईण, मोडलेल्या हाडाला हाडवैद्य, तान्ह्या बाळासाठी आजीच्या हातची गुटी आणि दुखऱ्या अंगाला बिब्ब्याचा चटका अशी ही व्यवस्था होती. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव येथे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले अशी तेथील आख्यायिका आहे, आणि त्वचेचे विकार बरे व्हावेत म्हणून लोक तेथे स्नानाला जात आले आहेत. इंग्रज सरकारने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या खानदेश गॅझेटियरमध्येही या परिसरातील उन्हाळ्यांची नोंद आहे.

या सगळ्यांत 'पर्यायी' असे कोणीच नव्हते, कारण मुख्य असेही कोणी नव्हते. काविळीला एकाकडे, हाडाला दुसऱ्याकडे आणि 'बाहेरच्या बाधे'ला तिसऱ्याकडे जायचे, एवढेच रुग्णाला ठाऊक होते. निवड ठरत असे ती अंतरावर, खर्चावर आणि दुखण्याच्या जातीवर. या चित्राचे गोडवे गाण्याचे कारण नाही. देवी, पटकी आणि बाळंतरोग यांनी माणसे मोठ्या संख्येने मरत, आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणाकडेच त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. पण उपचारकांमधली उतरंड कायद्याने ठरवलेली नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळला पोहोचली. एक शाखा नागपूरकडे गेली, दुसरी जबलपूरकडे. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली, आणि एका लहानशा गावाचे इंजिनांच्या शेडचे, कारखान्याचे आणि रेल्वे वसाहतीचे जंक्शन झाले. रेल्वेबरोबर रेल्वेचा डॉक्टर आणि पुढे रेल्वेचे इस्पितळ आले. खानदेशातील खेड्यातल्या माणसाने पाहिलेल्या वैद्य-हकिमांहून हा डॉक्टर एका बाबतीत मूलतः वेगळा होता. औषध देणे हे त्याचे निम्मेच काम. उरलेले निम्मे काम दाखला देण्याचे. इंजिन चालवणाऱ्याला तांबडा आणि हिरवा दिवा ओळखता येतो की नाही, सांधेवाला कामावर घेण्याजोगा आहे की नाही, आजारी म्हणून रजेवर गेलेला फिटर खरोखरच आजारी आहे की नाही, हे त्याने लिहून द्यायचे. त्या कागदावर पगार, रजा आणि नोकरी अवलंबून.

वैद्याच्या काढ्याने ताप उतरत असेल. पण वैद्याच्या शब्दाने रजा मंजूर होत नसे. आधुनिक वैद्यकाने पहिली बाजी मारली ती औषधाच्या जोरावर असे आपण समजतो. शस्त्रक्रियेपुरते आणि देवीच्या लसीपुरते ते खरे आहे. परंतु त्या काळात डॉक्टरांच्या पेटीतही आजच्या अर्थाने गुणकारी औषधे थोडीच होती. क्विनीन आणि अफू ही त्यांतली ठळक. रुग्णाच्या आयुष्यात डॉक्टरचे वजन वाढवण्यात त्या दाखल्याचा वाटा औषधाहून कमी नव्हता.

या वजनाला कायद्याचे रूप १९१२ साली मिळाले. मुंबई इलाख्याने वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा केला. हिंदुस्थानातील प्रांतांमध्ये असा कायदा करणारा हा पहिलाच प्रांत. पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या असलेल्यांची एक नोंदवही तयार झाली. कायद्याला हवा असणारा वैद्यकीय दाखला आणि सरकारी नेमणुका या नोंदवहीतल्यांसाठी राखल्या गेल्या. वैद्यांना आणि हकिमांना या कायद्याने बंदी केली नाही. त्यांच्याविषयी त्याने मौन पाळले, आणि ते मौनच पुरेसे होते. रेघ ओढली गेली होती. पुढे ज्याला आपण 'पर्यायी' म्हणू लागलो, त्याचा जन्म खऱ्या अर्थाने या नोंदवहीत, किंवा अधिक अचूक बोलायचे तर तिच्या समासाबाहेर, झाला.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना येऊ घातलेल्या या संकटाची चाहूल आधीच लागली होती. 'आर्यभिषक्' या ग्रंथामुळे अनेक मराठी घरांना परिचित असलेल्या शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिकला वैद्यांचे संमेलन भरले आणि आयुर्वेद महामंडळाची स्थापना झाली. १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आयुर्वेद विद्यालय काढले. गुरुगृही शिकून वैद्य होण्याची जुनी रीत मागे पडून अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी आली. 'शुद्ध' आयुर्वेद शिकवावा की शरीररचना आणि आधुनिक निदान यांची जोड देऊन 'मिश्र' शिकवावा, हा वाद याच काळात पेटला आणि तो आजही पुरता विझलेला नाही. या वादात एक गमतीची गोष्ट घडली. नोंदवहीला विरोध करणाऱ्यांनी नोंदवहीची सगळी लक्षणे, म्हणजे परीक्षा, प्रमाणपत्र आणि मंडळ, स्वतःकडे घेतली. त्यांची मागणी नोंदवही फाडण्याची नव्हती, दुसरी नोंदवही उघडण्याची होती.

ती संधी राजकारणाने दिली आणि तिचा एक धागा भुसावळच्या शेजारून जातो. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यानंतर काही महिन्यांतच मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात आरोग्यखाते होते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे. गिल्डर हे हृदयरोगाचे नामांकित तज्ज्ञ, पाश्चात्त्य वैद्यकात मुरलेले. त्यांच्याच कारकिर्दीत १९३८ चा मुंबई वैद्यक व्यावसायिक कायदा झाला आणि वैद्य-हकिमांना त्यांची स्वतंत्र नोंदवही मिळाली. जे शिकलेले नव्हते पण वर्षानुवर्षे वैद्यकी करत होते, त्यांच्यासाठी वेगळी यादी ठेवण्यात आली. त्याबरोबरच नोंद नसलेल्याने वैद्यकी करू नये, हे तत्त्वही कायद्यात आले. एक दार उघडले ते दुसरे बंद करूनच. पदवीधर वैद्य आत गेला. सातपुड्यातला बडवा, सुईण आणि हाडवैद्य बाहेर राहिले, आणि आता ते नुसते बाहेर नव्हते, बेकायदाही होते.

सहा वर्षांनी याच डॉ. गिल्डरांवर एक विलक्षण प्रसंग आला. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. तेथे स्थानबद्ध असलेले गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर त्यांच्यावर उपचार करत होते. गुण येईना, तेव्हा पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता यांना बोलावण्यात आले. मग लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा आले. रात्री आत राहण्याची परवानगी सरकार देईना, म्हणून या वैद्यांनी फाटकाबाहेर मोटारीत झोपून रात्री काढल्या. वैद्यांचे उपाय थकल्यावर रुग्ण पुन्हा डॉक्टरांच्या हाती गेला. शेवटी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणवले गेले. तेव्हा ते अत्यंत दुर्मिळ औषध होते. गांधींनी इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले, आणि २२ फेब्रुवारीला कस्तुरबांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी गांधींना हिवताप झाला, तेव्हा आधी नाकारलेले क्विनीन त्यांनी घेतले.

या घटनेचा उपयोग गांधींवर दोषारोप करण्यासाठी पुष्कळदा होतो. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या असे म्हणण्याजोगी त्यांची अवस्था तेव्हा राहिली नव्हती. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एका खाटेभोवती तीन पद्धतींचे उपचारक आले आणि ते एकमेकांना वैरी समजत नव्हते. पण त्यांनी एकत्र काम केले नाही. एकामागून एक केले. एकाचे थकले की दुसऱ्याला वाव. कोणत्या उपचाराने काय साधले, हे तपासण्याची कोणतीही सामायिक रीत त्यांच्यापाशी नव्हती. आपल्या घराघरांत आजही असेच चालते.

गांधींच्या आयुष्यात हा ताण आरंभापासून दिसतो. 'हिंद स्वराज'मध्ये, १९०९ साली, त्यांनी इस्पितळांना पाप फैलावणाऱ्या संस्था ठरवले होते. त्याच गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. शस्त्रक्रियेने जीव वाचला तरी निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा ढळली नाही. १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळी कांचनला राहिले, खेडुतांवर स्वतः उपचार केले, आणि मणिभाई देसाईंच्या हाती तेथील आश्रमाचे काम सोपवले. माती, पाणी, ऊन आणि आहार यांनी बरे होण्याचा हा मार्ग गरिबांसाठी होता, कारण गरिबाला तो परवडणारा होता. पुण्यातील दिनशा मेहतांच्या चिकित्सालयाच्या जागी १९८६ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था उभी राहिली. निसर्गोपचारही अशा रीतीने सरकारदरबारी पोहोचला.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास हा बहुतांशी नोंदवह्या वाढत जाण्याचा इतिहास आहे. १९५९ मध्ये होमिओपॅथी आणि बाराक्षारवाल्यांचा कायदा झाला, १९६१ मध्ये महाराष्ट्राचा वैद्यक व्यावसायिक कायदा. भारतीय चिकित्सापद्धतींसाठी १९७० मध्ये आणि होमिओपॅथीसाठी १९७३ मध्ये केंद्रीय परिषदांचे कायदे झाले. २००३ मध्ये 'आयुष' हे नाव आले आणि २०१४ मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले. याच्या समांतर दुसरी एक प्रक्रिया चालू होती. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात, होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्याने ॲलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणाच, असा निर्णय दिला. २०१४ साली राज्याने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची वाट करून दिली, आणि त्यावरून २०२५ सालीही राज्यातील डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या.

रेघ अशी मागेपुढे का सरकते? सातपुड्याकडे पाहिले की उत्तर मिळते. जळगाव-भुसावळ रस्त्यावर काही किलोमीटरांच्या अंतरात आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालयही आहे आणि साकेगावला आयुर्वेदाचेही. एकाच महामार्गावर दोन नोंदवह्यांची माणसे तयार होतात. पण डोंगरातल्या पाड्यावर जाणाऱ्या भरारी पथकात बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असतो, आणि त्याच्या पिशवीत प्रतिजैविके, सलाईन आणि हिवतापाच्या गोळ्या असतात. जेथे एमबीबीएस डॉक्टर जायला तयार नाही तेथे शासनाला ही रेघ पुसट हवी असते; जेथे डॉक्टर भरपूर आहेत तेथे ती ठळक हवी असते. हा प्रश्न औषधाच्या गुणाचा कधी नव्हताच. माणसांच्या तुटवड्याचा होता.

शंभराहून अधिक वर्षे आपण 'उपचार कोणी करावा' यावर भांडलो आणि 'कोणत्या उपचाराने गुण येतो' हा प्रश्न त्या भांडणात हरवला, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंना तो सोयीचा नव्हता. तो विचारला गेला तेव्हा काय घडते याची उदाहरणे मात्र आपल्याकडेच आहेत. सर्पगंधेची मुळी उन्माद आणि निद्रानाश यांवर वैद्य पूर्वापार देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, दाब मोजून, १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात निष्कर्ष मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे या औषधाने काही रुग्णांना नैराश्य येते अशा नोंदी झाल्या आणि अधिक चांगली औषधे निघाल्यावर ते मागे पडले. तपासणीने मान दिला आणि तपासणीनेच मर्यादाही दाखवली.

उलट बाजूचे उदाहरण विंचवाचे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले मरत, तेव्हा मांत्रिकाकडे उतारा नव्हता आणि इस्पितळाकडेही खात्रीचा इलाज नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पहिल्या उदाहरणात औषध जुन्या परंपरेतले, दुसऱ्यात नव्या कारखान्यातले. पण पद्धत एकच, निरीक्षण आणि मोजणी.

ही पद्धत नसली तर काय होते, हे काविळीच्या माळेवरून कळते. ही माळ रुग्णाच्या गळ्यात घालतात, ती दिवसागणिक लांबते आणि काविळ 'उतरते'. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते, एवढेच त्यातले रहस्य. दूषित पाण्यातून येणारी साधी काविळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. नागिणीच्या गेरूचे आणि सर्दीवरच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांचेही असेच. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हा समजही तपासणीत टिकत नाही. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला, तेव्हा यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. हा वादही नोंदवहीच्या भाषेत न होता तपासणीच्या भाषेत झाला, तर त्यात वैद्यांचेच हित आहे.

कायद्याच्या इतिहासात या दिशेने पडलेले एक पाऊल मात्र आवर्जून नोंदवले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षे ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्यातील एक कलम साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवते. यातला शब्द 'रोखून' हा आहे. उपचार करणारा कोणत्या नोंदवहीतला, हे येथे विचारलेले नाही. भगताने मंत्र म्हटला म्हणून तो गुन्हेगार होत नाही. इस्पितळाची वाट अडवली म्हणून होतो. पूरक आणि पर्यायी यांतला जो फरक आरंभी सांगितला, तो एका कायद्याने येथे नेमका पकडला आहे.

तापीकाठच्या केळीच्या बागेत रात्री विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोटर सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याला घोणस चावली, तर त्याच्यासाठी आयुर्वेद आणि ॲलोपॅथी यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद निरर्थक आहे. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारी सर्पविषावरची लस जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का आणि ती टोचणारा माणूस रात्री तेथे असतो का, हे दोनच प्रश्न त्याच्या कामाचे. भगताचा अंगारा त्याने वाटेत लावला तरी बिघडत नाही. त्यासाठी तो तासभर थांबला तर बिघडते. आणि त्याच शेतकऱ्याची जुनी कंबरदुखी तेलाच्या मालिशाने नि योगासनांनी सुसह्य होत असेल, तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणत्याही नोंदवहीला नाही.